श्वानाची साक्ष

आजचा माझा विषय चारचौघांत काढण्यासारखा नाहीं. घरांत ताप आला तर आपण शेजाऱ्याला सांगतों, चोरी झाली तर गांवभर सांगतों. परंतु घरांत ढेकूण झाले तर सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीं. पाहुणे येणार असले म्हणजे गाद्या उन्हांत टाकावयाच्या आणि कोणी विचारलेंच तर "कापूस दमट झाला होता" असें म्हणावयाचें, हा आपल्या सभ्य घरांचा जुना रिवाज आहे. मीही तो आजवर पाळीत आलों. पण गेल्या उन्हाळ्यांत माझ्या पुतण्याचा अमेरिकेहून दूरध्वनि आला आणि त्यानें असा एक प्रश्न विचारला कीं, त्याचा विचार करतां करतां ही लाज सोडून आपल्यासमोर बोलावयास बसणें मला भाग पडलें.

पुतण्या आमच्या अंबाजोगाईचाच. येथें शिकला, पुढें पुण्यास गेला, आणि आतां न्यू जर्सी राज्यांत एका मोठ्या इमारतींत भाड्यानें राहतो. त्या इमारतींत कोठें तरी ढेकूण निघाले. मालकानें कीटक घालविणाऱ्या एका व्यावसायिकाला बोलाविलें. तो आला तो एक लहानसा कुत्रा साखळीला धरूनच. कुत्र्यानें खोल्याखोल्यांतून नाक फिरविलें आणि पुतण्याच्या दिवाणखान्यांतील कोचापाशीं येऊन तो शांतपणें खालीं बसला. तो बसला याचा अर्थ 'येथें ढेकूण आहे'. पुतण्याच्या पत्नीनें कोच उलटा केला, शिवणी उसवून पाहिल्या. ढेकूण तर नाहींच, परंतु त्याचा काळा ठिपकाही कोठें दिसला नाहीं. "काका," तो मला विचारीत होता, "माणसानें सांगितलें असतें तर मी वाद घातला असता. कुत्र्याशीं वाद कसा घालूं? खरें कोणाचें मानूं, त्याच्या नाकाचें कीं माझ्या डोळ्यांचें?"

मी चाळीस वर्षें शाळेंत जीवशास्त्र शिकविलें. पण या प्रश्नाला मला तत्काळ उत्तर देतां आलें नाहीं. जें उत्तर पुढें वाचून व विचार करून सुचलें तें आज सांगणार आहें.

हा प्रश्न नवा वाटतो, परंतु आपल्या वाङ्मयाला तो अपरिचित नाहीं. पंचतंत्राच्या पहिल्या तंत्रांत एक गोष्ट आहे. राजाच्या शय्येवरील शुभ्र वस्त्राच्या घडींत मंदविसर्पिणी नांवाची ऊ राहत असे. राजा गाढ झोंपला म्हणजे हलकेंच रक्त प्यावें आणि गप्प राहावें, असा तिचा सुखाचा संसार. एके दिवशीं अग्निमुख नांवाचा ढेकूण तेथें पाहुणा म्हणून आला आणि राजाच्या रक्ताची चव घेऊं द्यावी म्हणून गयावया करूं लागला. राजाला झोंप लागल्यावांचून चावावयाचें नाहीं, अशी अट घालून उवेनें त्याला ठेवून घेतलें. पण अग्निमुखाला धीर कोठला! राजा जागा असतांनाच तो कडकडून डसला. राजा दचकून उठला. शय्या तपासण्याची आज्ञा सुटली. ढेकूण चपळ, तो पलंगाच्या फटींत शिरला. सेवकांनीं बारकाईनें शोध केला, त्यांना घडींत बसलेली ऊ सांपडली, आणि त्यांनीं तिलाच मारलें.

अनोळखी पाहुण्यास थारा देऊं नये, असें तात्पर्य पंचतंत्रकार यांतून काढतात. मला मात्र या गोष्टींत दुसरेंच कांहीं दिसूं लागलें आहे. तपासणी झाली, कोणी तरी सांपडलें, शिक्षा अमलांत आली, राजाचें समाधान झालें. आणि खरा अपराधी फटींत सुखरूप राहिला. ही गोष्ट माझ्या स्वतःच्या घरांत घडली आहे. ती सांगावयास मला संकोच वाटतो, पण ती सांगितल्यावांचून आजच्या विषयाचें मर्म आपल्या ध्यानांत यावयाचें नाहीं.

वीस-बावीस वर्षांपूर्वींची गोष्ट. आमच्या घरीं भांड्यांना एक बाई येत असत. दिवाळी झाली कीं त्या आणि त्यांचे यजमान मुकादमाकडून उचल घेऊन ऊसतोडीला जात, आणि उन्हाळ्यांत परत आल्यावर पुन्हा आमचें काम धरीत. आपल्या बीड जिल्ह्यांतून दर साल लाखों माणसें अशीं पश्चिम महाराष्ट्राकडे आणि कर्नाटकाकडे जातात, हें आपणांस ठाऊकच आहे. त्या वर्षीं त्या परतल्या त्या दिवशीं ओसरीवर त्यांचें बोचकें कांहीं तास राहिलें. पुढच्या आठवड्यांत आमच्या माडीवर ढेकूण दिसले. झालें! घरांत कोणी एक वाक्य उच्चारलें, दुसऱ्यानें मान डोलाविली, आणि मी, शास्त्राचा शिक्षक, त्या निर्णयावर शिक्कामोर्तब करून मोकळा झालों. बाईंना काम सोडावयास सांगितलें. कारण सांगितलें नाहीं. पण तें त्यांना कळलेंच.

पावसाळा गेला, बाई आल्या नाहींत, ढेकूण मात्र होते तेथेंच होते. शेवटीं सुतार बोलावून माडीवरचा शिसवी पलंग खोलविला. हा पलंग मींच एका जुन्या वाड्याच्या लिलावांत मोठ्या हौसेनें घेतला होता. निजामी अमदानींतील नक्षीकाम म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्यांस दाखवीत असें. सुतारानें डोक्याकडच्या पट्टीचा सांधा ठोकून काढला, तों आंत पिढ्यान् पिढ्यांचें बिऱ्हाड! अंडीं, कातीं, काळे ठिपके, आणि जिवंत मंडळी दाटीवाटीनें बसलेली. पलंग बाईंच्या बोचक्याच्या कितीतरी आधीं घरांत आला होता.

मी त्यांच्या घरीं गेलों. काय बोलावें तें सुचेना. माझी अडचण त्यांनींच सोडविली. त्या म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या कोपीत ना बाज ना पलंग. ढेकणानं ऱ्हावं तरी कुठं?" त्या हंसून म्हणाल्या, मला मात्र हंसतां आलें नाहीं. त्या कामावर परत आल्या नाहींत.

आतां पुतण्याच्या कुत्र्याकडे वळूं. परंतु कुत्र्याची परीक्षा करण्याआधीं ज्याला तो शोधतो त्या प्राण्याची थोडी ओळख असावी.

आपल्याकडे मुख्यतः आढळतो तो उष्ण प्रदेशांतील ढेकूण. शास्त्रीय नांव सायमेक्स हेमिप्टेरस. थंड देशांत ज्याचें राज्य आहे तो त्याचा चुलतभाऊ सायमेक्स लेक्ट्युलॅरियस. दोघांचें आचरण जवळजवळ सारखें. पूर्ण वाढलेला ढेकूण मसुराच्या दाण्याएवढा, पण उपाशी असतांना इतका चपटा कीं पोस्टकार्ड जाईल अशा फटींत तो मावतो. अंडें एक मिलिमीटर लांबीचें, मोत्याच्या रंगाचें, लाकडाला चिकटलेलें. बाहेर पडलेलें पिल्लूं पांच वेळां कात टाकतें आणि प्रत्येक कातीपूर्वीं त्याला एकदां तरी रक्त मिळावें लागतें. जेवण पांच-दहा मिनिटांत आटोपतें. बाकीचा सारा काळ तो सांध्यांत, शिवणींत, गिलाव्याच्या पोपड्यामागें, विजेच्या पेटीमागें काढतो. जेवण न मिळतां तो कित्येक महिने तग धरतो. म्हणून घर दोन महिने बंद ठेविलें म्हणजे ढेकूण मेले, ही समजूत व्यर्थ आहे.

आणखी एक गोष्ट. ढेकूण चावला तरी सर्वांच्या अंगावर गांधी उठत नाहींत. एकाच पलंगावर निजणाऱ्या दोघांपैकीं एकाचें अंग सुजतें आणि दुसऱ्यास पत्ताही नसतो. तेव्हां ज्याला गांधी नाहींत त्यानेंच ढेकूण आणले, हा घरांतील तर्क टिकत नाहीं. सुदैवानें डास जसा हिंवताप पसरवितो तसा ढेकूण माणसांत कोणताही रोग पसरवितो असें आजवर सिद्ध झालेलें नाहीं. त्याचा खरा उपद्रव तीन प्रकारचा: झोंप जाते, कातडीला खाज सुटते, आणि घराची अब्रू गेली असें वाटतें. या तिसऱ्या उपद्रवापायीं माणूस सर्वांत जास्त चुका करतो.

असा हा लपणारा प्राणी डोळ्यांनीं शोधणें कठीण. पण त्याला एक वास आहे. चिरडलेल्या ढेकणाचा तो उग्र वास आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांस सांगावयास नको. त्यांतील कांहीं द्रव्यें कोथिंबिरीच्या वासांतील द्रव्यांच्या जवळचीं आहेत. कोथिंबिरीचें इंग्रजी नांव ग्रीक भाषेंतील ढेकणाच्या नांवावरून आलें, असें पुष्कळ भाषापंडित मानतात. आमटींत मूठभर कोथिंबीर घालणाऱ्या आपणां मंडळींस हें रुचणार नाहीं, पण नाकाचा निवाडा असा आहे खरा. आपल्याला जो वास ढेकूण चिरडल्यावर येतो तो कुत्र्याला ढेकूण स्वस्थ बसलेला असतांनाही येतो. माणसाच्या नाकांत वास घेणाऱ्या पेशी पन्नास-साठ लाख असाव्यात, कुत्र्याच्या नाकांत वीस कोटींहून अधिक, असा अंदाज आहे.

कुत्र्याच्या या देणगीविषयीं महाराष्ट्रानें शंका घेण्याचें कारण नाहीं. मुंबई पोलिसांचा 'झंजीर' आपणांस आठवत असेल. लॅब्रॅडॉर जातीचा हा कुत्रा पुण्याच्या केंद्रांत तयार झाला आणि १९९३ सालच्या मुंबईंतील स्फोटांनंतर त्यानें तीन हजार किलोहून अधिक आरडीएक्स, शिवाय शेंकडों हातबाँब व सुरुंगाच्या नळ्या हुडकून काढल्या. २००० सालीं तो गेला तेव्हां पोलिसांनीं त्याला मानवंदना दिली. आपल्या दख्खनचा कारवानी किंवा मुधोळ कुत्रा हा नजरेनें सावज टिपणारा, धांवणारा. झंजीरचें काम नाकाचें. कुत्रा म्हटला कीं सगळे सारखे, असें नव्हे.

ढेकणाचा कुत्राही याच रीतीनें तयार करतात. जाळीचें झांकण असलेल्या लहान बाटल्यांत जिवंत ढेकूण ठेवून त्या खोलींत लपवितात. कुत्र्यानें बरोबर जागा दाखविली कीं त्याला खाऊ द्यावयाचा; चुकला तर कांहीं नाहीं. हळूहळू तो मेलेले ढेकूण, टाकलेल्या काती आणि जिवंत ढेकूण यांत भेद करूं लागतो. २००८ सालीं फ्लोरिडा विद्यापीठांतील कीटकशास्त्रज्ञांनीं अशा कुत्र्यांची परीक्षा घेतली. हॉटेलाच्या खोल्यांत त्यांनीं स्वतः ढेकूण लपविले होते. कुत्र्यांनीं शंभरांत अठ्ठ्याण्णव वेळां ते अचूक शोधले. या एका आकड्यानें अमेरिकेंतील या धंद्याला मोठी प्रतिष्ठा मिळवून दिली. माणसाला जी खोली तपासण्यास बराच वेळ लागतो ती कुत्रा कांहीं मिनिटांत हुंगून मोकळा होतो. मग हॉटेलवाल्यांस आणि घरमालकांस तो हवासा वाटला यांत नवल काय?

परंतु श्रोतेहो, परीक्षागृहांतील हुषारी आणि संसारांतील हुषारी यांत अंतर असतें, हें शिक्षकाइतकें कोणाला ठाऊक असणार? २०१४ सालीं न्यू जर्सींतीलच रटगर्स विद्यापीठाच्या संशोधकांनीं दुसरी परीक्षा घेतली. या वेळीं ढेकूण बाटल्यांत लपविलेले नव्हते. माणसें राहत असलेल्या, खरोखरीच ढेकूण झालेल्या बिऱ्हाडांत कुत्रे नेले. एकंदर अकरा जोड्या, म्हणजे कुत्रा आणि त्याचा सांभाळणारा. निकाल काय आला? सरासरीनें ढेकूण असलेल्या शंभर जागांपैकीं चव्वेचाळीसच त्यांनीं ओळखल्या. एक जोडी शंभरांतल्या दहांवर अडली, तर एकीनें शंभरच्या शंभर दाखविल्या. उलटपक्षीं, जेथें ढेकूण नव्हता अशा शंभर जागांपैकीं सरासरी पंधरा ठिकाणीं 'आहे' अशी खूण झाली. तेथेंही एक जोडी मुळींच चुकली नाहीं, तर दुसरी शंभरांत सत्तावन्न वेळां चुकली.

या आकड्यांचा संसारी अर्थ काय तो पाहूं. समजा, एका वसतिगृहांत शंभर खोल्या आहेत आणि त्यांतील दहांत ढेकूण आहेत. सरासरी प्रतीचा कुत्रा आणला तर तो त्या दहांपैकीं चार-पांच खोल्या शोधील. उरलेल्या नव्वद निर्दोष खोल्यांपैकीं तेरा-चौदा खोल्यांच्या दारांतही तो बसेल. म्हणजे एकूण अठरा खोल्यांवर ठपका येईल आणि त्यांतील तेरा-चौदा निरपराधी असतील! आणि पांच-सहा खोल्यांतले अग्निमुख फटींत बसून ही गंमत पाहतील. उलट, न चुकणारा एखादा उत्तम कुत्रा लाभला तर वसतिगृहाचें कल्याण होईल. अडचण इतकीच कीं, दारांत उभा असलेला कुत्रा सरासरी आहे कीं उत्तम, हें त्याच्या तोंडाकडे पाहून समजत नाहीं.

कुत्रा चुकतो तो लबाडीनें नव्हे. पंखा चालूं असला तर वास एका कोपऱ्यांतून निघून दुसऱ्या कोपऱ्यांत सांचतो. दिवसभर हुंगून तो थकतो. रोजचा सराव सुटला तर विसरतो. बसलें कीं खाऊ मिळतो, हें त्याला कळलेलें असतें. आणि सर्वांत सूक्ष्म कारण म्हणजे तो ढेकणाचा वास जितक्या बारकाईनें घेतो तितक्याच बारकाईनें आपल्या धन्याचें मन वाचतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिनमध्यें हान्स नांवाचा एक घोडा होता. बेरीज-वजाबाकी विचारली कीं तो खुरानें ठोके देऊन उत्तर सांगे. पंडित थक्क झाले. १९०७ सालीं फुंग्स्ट नांवाच्या मानसशास्त्रज्ञानें दाखवून दिलें कीं, योग्य ठोका पडतांच विचारणाऱ्याच्या मानेची नकळत होणारी हालचाल पाहून घोडा थांबतो. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसलें तर घोड्यालाही तें येत नसे. १०० वर्षांनंतर, २०११ सालीं, कॅलिफोर्नियांतील डेव्हिस येथील विद्यापीठांत अठरा श्वान-जोड्यांवर तसाच प्रयोग झाला. हे कुत्रे अंमली पदार्थ व स्फोटकें शोधणारे. जागेंत कसलाच पदार्थ ठेविलेला नव्हता. सांभाळणाऱ्यांस मात्र सांगितलें कीं लाल कागद जेथें लाविला आहे तेथें वास आहे. दोनशेंहून अधिक वेळां कुत्र्यांनीं 'सांपडलें' अशी खूण केल्याचें त्या माणसांनीं नोंदविलें. खूण अर्थांतच सारी खोटी. त्यांतल्या त्यांत ती लाल कागदापाशीं अधिक झाली.

लक्षांत घ्या, येथें कोणीही खोटें बोललें नाहीं. माणसाच्या मनांत संशय होता. तो साखळीवाटे कुत्र्यापर्यंत पोंचला आणि कुत्र्याच्या तोंडून सत्य म्हणून परत आला. माझ्या घरांतही हेंच झालें नव्हतें काय? तेथें कुत्रा नव्हता, एवढाच फरक. बोचक्यावरचा लाल कागद आम्हींच आमच्या मनांत लाविला होता.

न्यायासनानें या प्रश्नाचा विचार फार पूर्वीं केला आहे. १९६९ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें महाराष्ट्रांतीलच एक अपील आलें. त्यांत माग काढणाऱ्या पोलिसी कुत्र्याच्या पुराव्याचा प्रश्न होता. अशा पुराव्यावर सामान्यतः घेतल्या जाणाऱ्या तीन आक्षेपांचा न्यायमूर्तींनीं उल्लेख केला. पहिला: कुत्रा साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभा राहून शपथ घेऊं शकत नाहीं व त्याची उलटतपासणी होऊं शकत नाहीं, त्याच्या वतीनें त्याचा सांभाळणारा जें सांगतो ती ऐकीव गोष्ट ठरते. दुसरा: माणसाचें जीवित व स्वातंत्र्य कुत्र्याच्या अनुमानावर अवलंबून असूं नये. तिसरा: अशा पुराव्याची छाप त्याच्या वास्तविक मोलापेक्षां फार जास्त पडते. असा पुरावा ग्राह्य मानला तरी त्याला सामान्यतः फारसें वजन देतां येत नाहीं, असें न्यायालयाचें मत पडलें.

तिसरा आक्षेप मला विशेष मार्मिक वाटतो. मुका, निर्व्याज प्राणी कोचापाशीं येऊन बसला कीं पाहणाऱ्यांच्या अंगावर कांटा येतो. त्याला आपला-परका नाहीं, त्याला लांच नाहीं, मग तो खोटें कां सांगेल? आपण हें विसरतों कीं, खोटें न बोलणारा साक्षीदारही चुकूं शकतो.

मग पुतण्याला मीं काय सांगितलें? तें थोडक्यांत असें. कुत्रा हा वाटाड्या आहे, न्यायाधीश नव्हे. चित्रपटगृह, वसतिगृह, मोठें हॉटेल, शेंकडों खोल्यांची इमारत, अशा ठिकाणीं कोठें आधीं पाहावें हें तो सांगूं शकतो, आणि त्याचा तेवढा उपयोग मोठा आहे. पण तो बसला कीं तेथें माणसानें गुडघे टेंकून दिवा लावून पाहिलें पाहिजे: जिवंत ढेकूण, अंडें, ताजी कात किंवा काळा ठिपका यांपैकीं कांहीं तरी डोळ्यांना दिसल्यावांचून फवारणी करूं नये आणि कोणावर बोट रोंखूं नये. न दिसल्यास दुसरा कुत्रा दुसऱ्या माणसासह, पहिल्यानें काय सांगितलें हें न कळवितां, आणावा. आणि कुत्रा न बसतां निघून गेला तरीही 'आपलें घर स्वच्छ' असें मानून निश्चिंत राहूं नये.

आपल्या जिल्ह्यांत ढेकणासाठीं कुत्रा आणण्याचा प्रघात पडलेला नाहीं. त्यावांचून आपलें अडतही नाहीं. आपल्या आज्या कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या ठेवीत, मुंग्या चढूं नयेत म्हणून. आज जगभर ढेकणाच्या शोधासाठीं जीं साधनें सुचवितात त्यांत पलंगाच्या पायांखालीं ठेवण्याची गुळगुळीत वाटी प्रमुख आहे, तत्त्व तेंच. पलंग भिंतीपासून वीतभर पुढें ओढावा, चादरी जमिनीला लोंबूं देऊं नयेत, चारी पायांखालीं उभ्या, गुळगुळीत कडांच्या वाट्या ठेवून त्यांत थोडी टाल्कम पावडर फांसावी. चढूं-उतरूं पाहणारा ढेकूण त्यांत पडतो आणि त्याला बाहेर येणें कठीण जातें. आठवडाभर रोज सकाळीं वाट्या पाहाव्यात. ही तपासणी कुत्र्याच्या मानानें मंद आहे, पण ती पगार मागत नाहीं, थकत नाहीं, आणि कोणाचें मन वाचीत नाहीं.

सांपडल्यावर काय करावें? आपल्याकडे गाद्या उन्हांत टाकण्याची चाल आहे. बीडचा वैशाख ४० अंशांच्या वर जातो खरा, परंतु ढेकूण आणि विशेषतः त्याचीं अंडीं मारावयास ५० अंशांच्या वर गेलेली उष्णता कांहीं काळ टिकावी लागते. ४५ अंशांत अंडीं तासन् तास तग धरतात. शिवाय गादीची वरची बाजू तापली कीं मंडळी खालच्या सावलींत सरकतात. म्हणून नुसतें ऊन पुरत नाहीं. चादरी, गोधड्या, वाकळी कढत पाण्यांत भिजवाव्यात. बाजेच्या व पलंगाच्या सांध्यांत उकळतें पाणी ओतावें. फटी लांबी भरून बुजवाव्यात. जुनें लाकूडसामान घरांत आणण्यापूर्वीं अंगणांत खोलून पाहावें. हें शेवटचें वाक्य मी अनुभवानें बोलतों आहें.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतों. विषाच्या नादीं लागूं नका. डी. डी. टी. च्या कीटकनाशक गुणाचा शोध १९३९ सालीं लागला, त्याबद्दल १९४८ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें, आणि जवळजवळ त्याच सुमारास हवाई बेटांवरील ढेकूण त्याला दाद देईनासे झाले होते. पुढें जीं जीं औषधें आलीं त्यांतील बहुतेकांना ढेकूण थोडेफार सरावले. मग माणूस अधिक जहाल विषाकडे वळतो. आपला जिल्हा कापसाचा आणि धान्याचा. शेतांतील फवारणीचें औषध आणि कोठारांत ठेवण्याची अॅल्युमिनियम फॉस्फाईडची गोळी सहज हाताशीं असते. ती गोळी घरांत ठेवली कीं हवेंतील ओलाव्यानें तिच्यांतून फॉस्फीन नांवाचा वायु निघतो. तो फटींतून शेजारच्या खोलींतही जातो आणि त्यावर उतारा नाहीं. ढेकणासाठीं ती गोळी ठेवून तान्हीं मुलें आणि तरुण विद्यार्थी दगावल्याच्या बातम्या आपल्या देशांत पुनःपुन्हा येतात. ज्या कीटकानें कोणाचा जीव घेतला नाहीं त्याच्यासाठीं घरांतलें माणूस गमवावें, यापरतें दुर्दैव कोणतें? कुत्र्याच्या किंवा आपल्या डोळ्यांच्या चुकीच्या साक्षीची खरी किंमत येथें मोजावी लागते. ढेकूण नसलेल्या खोलींत विष पडतें, आणि त्या खोलींत कोणी तरी झोंपलेलें असतें.

पुतण्यानें माझें ऐकलें. फवारणीस नकार दिला, वाट्या मांडल्या. तीन आठवडे त्या रिकाम्या राहिल्या. मग एके सकाळीं एका वाटींत एक ढेकूण सांपडला. कोचाखालच्या नव्हे, निजण्याच्या खोलींतील पलंगाच्या पायाखालच्या. म्हणजे कुत्र्यानें घर बरोबर सांगितलें, जागा चुकली. आणि पुतण्यानें जागा पाहिली, पण निर्णयाची घाई केली असती तर तोही चुकला असता. दोघांनाही थोडथोडें श्रेय द्यावें हें बरें. तो मला विचारीत होता कीं, हा ढेकूण शेजारच्या बिऱ्हाडांतून आला असेल काय? मी म्हणालों, "असेल किंवा नसेलही. आपल्या प्रवासी पेटीच्या शिवणी आधीं पाहा."

श्रोतेहो, घरांत ढेकूण निघणें हा कोणाचा गुन्हा नाहीं. तो महालांत शिरतो तसा कोपींतही शिरतो. त्याला जात, पत किंवा शिक्षण समजत नाहीं. तो आपणहून उडत येत नाहीं. आपल्याच पेट्या, वळकट्या, पलंग त्याला आणतात. तेव्हां पुढच्या वेळीं माडीवर तो दिसला तर दोन गोष्टी कराव्यात. दिवा घेऊन गुडघ्यांवर बसावें आणि सांधा उघडून पाहावा. आणि तो उघडण्यापूर्वीं ओसरीवर कोणाचें बोचकें होतें, याची आठवण काढूं नये.

माझ्या माडीवर आतां साधा लोखंडी पलंग आहे. तो शिसवी पलंग मीं विकला नाहीं, दुसऱ्याच्या घरीं पाठविणें बरें नव्हे म्हणून. सुतारानें त्याच्या फळ्या सोडवून धुतल्या आणि त्यांतील एका फळीचा पाट केला. सणासुदीला तो पाट बाहेर निघतो तेव्हां सारे त्यावरच्या नक्षीची वाखाणणी करतात. मला मात्र त्यावर बसतांना त्या बाईंचा तो हंसरा प्रश्न आठवतो.